कुत्र्याचा गुलाब

परदेशी निघालेल्या मुलाकडे आईने काय मागावे याला काही धरबंध नाही. आमच्या मातोश्रींनी गुडघ्यांचे औषध मागितले. "साहेबाच्या मुलखात काहीतरी असेलच की रे," त्या म्हणाल्या. वाईच्या घाटाच्या पायऱ्या जन्मभर चढल्या-उतरलेली ही बाई. गेली चार वर्षे ती वरच्या पायरीवर उभी राहूनच कृष्णेला नमस्कार करते. आमच्या डॉक्टरांच्या मते गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, वयोमानाप्रमाणे व्हायचेच. वय आईचे असले म्हणजे "वयोमान" हा शब्द फार लागतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे न्यूकॅसलला गेलो. हे गाव इंग्लंडच्या उत्तर टोकाजवळ, टाइन नदीच्या काठी. तिथे उतरेपर्यंत मला त्याच्याविषयी कोळशापलीकडे काही माहीत नव्हते. पण औषधांशीही या गावाचे नाते जुने आहे. आपल्याकडे पोट बिघडले की घेतात आणि अलीकडे ढोकळ्यातही घालतात, त्या इनोचा जनक जेम्स इनो याच गावचा औषधविक्या. मी मनाशी म्हटले, गाव तर योग्य निवडले!

ताईच्या घरामागून एक पायवाट समुद्राकडे जाते. पूर्वी तिच्यावरून कोळशाच्या वाघिणी नदीकडे जात. आता माणसे कुत्री फिरवतात. दुतर्फा काटेरी कुंपण. पाने बहुतेक झडलेली आणि उघड्या फांद्यांवर बोराच्या आकाराची, किंचित लांबट, शेंदरी-लाल फळे लखलखत होती. मी विचारले, तेव्हा ताई म्हणाली, "अरे, हा रानगुलाब. जूनमध्ये आला असतास तर फिकट गुलाबी फुलं दिसली असती. पाचच पाकळ्या."

गुलाबाला फळ येते हे चाळीस वर्षे गुलकंद खाल्लेल्या माणसाला ठाऊक नसावे! आपल्या निघंटूंत शतपत्री आहे, तरुणी आहे, कुब्जक आहे. पण आपला सगळा जीव पाकळ्यांत. इथे पाकळ्यांना कुणी विचारत नाही. मी एक फळ तोडून दातांनी फोडले आणि पस्तावलो. आत बियांभोवती बारीक केस गच्च भरलेले असतात. ओठ, जीभ, बोटे, सारे चुणचुणू लागले. इथली द्वाड पोरे हेच केस वर्गात एकमेकांच्या सदऱ्यात टाकीत, म्हणजे साहेबाची खाजकुइलीच! ताई हसून बेजार झाली.

झाडाचे नाव तर आणखी मजेदार. 'डॉग रोज', कुत्र्याचा गुलाब. शास्त्रीय नावही 'रोझा कॅनिना', अर्थ तोच. नावामागची गोष्ट रोमन ग्रंथकार प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. एका शिपायाला पिसाळलेला कुत्रा चावला. त्याच्या आईला स्वप्नात आज्ञा झाली की, रानगुलाबाचे मूळ मुलाला प्यायला पाठव. मुलगा दूर स्पेनच्या मोहिमेवर. तिने पत्र धाडले, त्याने मूळ घेतले आणि तो वाचला, असे प्लिनी सांगतो. (मूळ पिऊन पिसाळरोग बरा होत नाही, लसच टोचावी लागते, हे सांगून टाकतो, दिवाळी अंक मुलेही वाचतात.) मला मात्र त्या आईचे पत्र मनात राहिले. इथे आईने मुलाला औषध पाठवले होते. माझ्या बाबतीत टपाल उलट्या दिशेचे होते.

ताईच्या शेजारच्या आजीबाई नव्वदीकडे झुकलेल्या. इथल्या बोलीत परक्यालाही 'पेट' म्हणतात, आपल्या 'बाळा'सारखे. मलाही त्या 'पेट' म्हणाल्या आणि चहा पुढे करून त्यांनी लहानपण सांगितले. शाळेतली मुले डबे घेऊन ही फळे वेचायला निघत. पौंडाला तीन पेनी मिळत आणि पुष्कळ वेचणाऱ्याला बिल्ला. बिल्ल्यासाठी त्यांनी एक फ्रॉक काट्यांत फाडून घेतला होता आणि तीन पेनींपेक्षा जास्त मार खाल्ला होता.

हे वेड महायुद्धाने लावले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, संत्री येईनाशी झाली, आणि बाळांना क जीवनसत्त्व द्यायचे कुठून हा प्रश्न सरकारपुढे पडला. कुंपणावरच्या या फळांत ते संत्र्याच्या कित्येक पट निघाले! 1941 साली शाळकरी मुलांनी आणि बायाबापड्यांनी सुमारे 200 टन फळे वेचली. त्यांचे सरबत करून बाटल्या घरोघर गेल्या. न्यूकॅसलचा कारखानाही पुढे हे सरबत 'डेलरोझा' नावाने करी. आजीबाईंच्या डब्यातली फळे तिकडेच जात. उकळण्याची पद्धतही शास्त्राने ठरवलेली होती: फळे बारीक वाटून थेट उकळत्या पाण्यात टाकायची, दोनदा गाळून केस काढायचे, आणि तांब्याचे भांडे वापरायचे नाही, कारण तांब्याने जीवनसत्त्व नासते. पुढे लंडनच्या किऊ उद्यानातील रोनाल्ड मेल्व्हिल आणि मॅग्नस पाइक यांनी देशभरची फळे तपासून 1947 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरेकडची फळे दक्षिणेकडच्यांपेक्षा क जीवनसत्त्वाने श्रीमंत निघाली. हे सांगताना आजीबाईंचा चेहरा असा झाला की जणू ते जीवनसत्त्व त्यांनीच घातले होते.

"पण गुडघ्यांचं काय?" मी मुद्द्यावर आलो. त्यांनी कपाटातून पुडीचा डबा काढला. "हे डेन्मार्कचं. मी घेते."

त्या रात्री ताईच्या संगणकावर मी मराठीच्या प्राध्यापकाला न शोभणारे वाचन केले. डेन्मार्कमध्ये लांगेलांड नावाचे बेट आहे. तिथल्या एका शेतकऱ्याला या फळांच्या पुडीने सांध्यांना आराम पडला, तिथून संशोधनाला तोंड फुटले. 2003 साली शास्त्रज्ञांनी फळातून गॅलॅक्टोलिपिड जातीचे एक द्रव्य वेगळे काढले. सूज आलेल्या जागी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जी झुंबड उडते, तिला ते परीक्षानळीत आवर घालते. 2005 साली कोपनहेगनच्या काय विंथर आणि सहकाऱ्यांनी 94 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना रोज 5 ग्रॅम पूड, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ पूड. तीन महिन्यांनी अदलाबदल. खरी पूड घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, वेदनाशामक गोळ्याही कमी लागल्या. 2008 साली अशा तीन चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला: एकूण रुग्ण 287, फायदा आहे, पण माफक. आणि पूड बनवणाऱ्या कंपनीचे पाठबळ या कामामागे होते. झिजलेली कूर्चा परत येते असे मात्र कुणीच म्हटलेले नाही.

मी खट्टू झालो. 287 म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापेक्षाही कमी! त्यात पैसे विकणाऱ्याचेच. वाचता वाचता भलतीकडेच एक गोष्ट सापडली. याच गावच्या आर्मस्ट्राँग कॉलेजात कॅथलीन ब्लॅकबर्न आणि हेस्लॉप हॅरिसन या दोघांनी 1921 साली सूक्ष्मदर्शकाखाली या रानगुलाबांच्या पेशी अभ्यासून लेख लिहिला होता. या झाडाच्या पेशीत गुणसूत्रे 35. त्यांतली 28 आईकडून येतात आणि वडिलांकडून अवघी 7. वडिलांची आठवण ठेवून सांगतो, आमच्या घरचे प्रमाणही साधारण हेच आहे.

डबा घेतला. वाईला पोचल्यावर आधी आमच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचले, "घेऊ द्या, पण माझी गोळी बंद करायची नाही," म्हणाले. मग आईसमोर बसलो आणि काही न लपवता सारे सांगितले: माणसे थोडी, गुण बेताचा, पैसा कंपनीचा. खोटे बोलून डबा हातात देणे सोपे होते, पण तिने मला शाळेत घातले ते त्यासाठी नव्हे.

आईने शांतपणे ऐकून घेतले. डबा हुंगला. "किती माणसं म्हणालास?"

"287."

"मग 288वी मला धर." आणि चमचा आणायला ती स्वतःच उठली.

तीन महिने झाल्यावर एका सकाळी ती घाटाच्या चार पायऱ्या उतरून आली. पाचवी ओली होती म्हणून थांबली म्हणे. मी विचारले, "पुडीनं गुण आला?"

"तुझी पूड, डॉक्टरांची गोळी, आणि थंडीही सरली," ती बोटे मोडत म्हणाली. "आता यातलं कुणी केलं ते तुझ्या त्या डेन्मार्कवाल्यांना विचार. डबा संपत आलाय, ताईला कळव."