कसारा लोकलची सॅक

पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री दादर स्टेशनात कसारा लोकलची वाट बघणारी टोळकी दिसली, की परळच्या एका जुन्या भटक्याची नजर आधी पायांकडे जाते. नव्या पोरांचे बूट महागडे, घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ. सह्याद्रीच्या पावसात त्यांचं काय होतं ते त्याला पाठ आहे. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडायचं नाव घेत नाही. त्याचा जीव हंटर शूजवर. कॅनव्हासचे, स्वस्त, रबरी तळाचे. पाणी आलं तसं निथळून जातं. खडे टोचतात, ते वेगळं!

दोराच्या बाबतीत मात्र त्याला काटकसर खपत नाही. चढाईला ताण घेणारा डायनॅमिक, रॅपलिंगला स्टॅटिक. दोर बोटांतून सरकवताना एखादी जागा मऊ लागली, की तो बाद.

मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेनं १९८८ मध्ये कांचनजंगा मोहीम काढली, तिथला हिशेबच निराळा. पण आपल्या सह्याद्रीतलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे बर्फ पडत नाही. तेव्हा पिसांच्या जाकिटाचे पैसे वाचवा आणि चांगला हेडलॅम्प घ्या.