गिधाडांचें औषध

दुखण्यावर निबंध लिहूं नये असा शिष्टसंकेत आहे. दुखणें सांगावें वैद्यास आणि निबंध लिहावा चंद्रोदयावर. तो संकेत मोडून आम्ही आमच्या गुडघ्याविषयीं लिहीत आहोंत, कारण ही कथा एकट्या गुडघ्याची नाहीं. ती पोटाची आहे, आणि पुढें गिधाडांचीहि आहे.

आमचा देह आमच्या विद्वत्तेच्या मानानें फारच विस्तृत होता. चार वर्षांपूर्वीं शस्त्रवैद्यांनीं जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आंतड्यास जोडली. अशा पिशवींत आरंभीं जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, एवढाच ऐवज मावतो. वजन उतरलें, पण त्या वजनाखालीं झिजलेली गुडघ्यांतील कूर्चा कांहीं परत आली नाहीं. अखेर गेल्या दिवाळीनंतर उजवा गुडघा बदलला. २००० सालीं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, तेव्हांपासून या शस्त्रक्रियेस आमच्या मध्यमवर्गांत प्रतिष्ठा आली असें आम्हांस वाटतें. तीं वृत्तें वाचतांना त्यांतील वेदना मात्र कोठें छापलेली दिसली नाहीं.

ती वेदना दुसऱ्या रात्रीं कळली. नवा गुडघा पहिल्या कांहीं आठवड्यांत वांकविला नाहीं तर तो आखडतो. वांकवावयाचा तर वेदना आटोक्यांत हवी. आणि ती आटोक्यांत आणणाऱ्या नेहमींच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन व त्यांचे भाऊबंद, आम्हांस वर्ज्य. देहांतील जीं द्रव्यें सूज व ठणका उत्पन्न करतात, त्यांच्याच गोत्रांतील द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करतात. गोळी दोहोंसहि सारखीच दडपते. धडधाकट जठर तें बहुधा सोसतें. आमच्या जोडाशीं मात्र व्रण पडून रक्त वाहूं लागण्याची, क्वचित् तो फुटण्याची भीति. तेंच औषध सुईनें टोंचून घेतलें तरी भय पुरतें टळत नाहीं, कारण रक्तांतून तें पोहोंचावयाचें तेथें पोहोंचतेंच.

उरलें काय? शस्त्रक्रियेच्या वेळीं मज्जातंतु बधिर करणारी सुई; घड्याळाच्या कांट्यावर पॅरासिटामॉल, दुखूं लागण्याची वाट न पाहतां; बर्फ; पाय उशीवर; आणि पहिले थोडे दिवस अफूच्या कुळांतील एक गोळी, जिनें ठणका दूर जाई पण कोठा बांधला जाई आणि डोकें गुंगे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याहि आमच्या आंखूड झालेल्या मार्गांत भरंवशाच्या नाहींत, म्हणून त्या बदलून घ्याव्या लागल्या. असा हा पांच-सहा किरकोळ उपायांचा संसार! एकहि पुरेसा नाहीं. सगळे मिळून झोंप येण्यापुरते.

भेटीस येणाऱ्यांस हें पटत नसे. "अहो सर, एक गोळी घेऊन तर बघा! आमच्या सासूबाई रोज घेतात." सासूबाईंचें पोट आणि आमचें पोट यांतील भेद कपाळावर लिहिलेला नसतो, आणि औषधाच्या दुकानींहि तो कोणी आपण होऊन विचारीत नाहीं.

आतां चालण्याचा अभ्यास म्हणून रविवारीं आम्ही पनवेलहून कर्नाळ्यास जातों. किल्ल्याच्या वाटेस लागत नाहीं. १६७० सालीं मराठ्यांनीं तो परत घेतला तेव्हां त्यांचे गुडघे स्वतःचे होते. अभयारण्यांतील सपाट रस्त्यावर काठी टेंकीत जावें आणि झाडींतून दिसेल तेवढा सुळका पाहावा. बरोबर आमचा एक जुना पक्षिवेडा विद्यार्थी असतो. वर्ज्य गोळीचें नांव ऐकतांच तो थांबला. "सर, तें तर गिधाडें मारणारें औषध!"

त्यानें सांगितलें तें असें. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. तें जनावर मेलें कीं गिधाडें तें खात. त्यांचे मूत्रपिंड बंद पडत आणि यूरिक आम्लाचे पांढरे थर अंतरिंद्रियांवर सांचत. पंधरा वर्षांच्या आंत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांतलीं नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. कारण २००४ सालीं उघड झालें. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून २०१५ सालीं कुपी ३ मिलिलिटरची ठरविली. आमच्याच रायगड जिल्ह्यांत म्हसळ्याजवळ चिरगांवीं गिधाडांचीं घरटीं लोकांनीं जपलीं, हेंहि त्यानेंच सांगितलें.

गुरांकरितां त्याऐवजीं मेलॉक्सिकॅम सुचविलें गेलें. गिधाडांना तें सोसतें. आम्हांस तेंहि वर्ज्य. म्हणजे या बाबतींत आमची प्रकृति गिधाडाहूनहि नाजूक ठरली! विद्यार्थी मनापासून हंसला, आणि आम्हीहि.

परवां गुडघा ११० अंशांत वांकला. जूनपासून उभें राहून तास घेतां यावा, एवढी इच्छा आहे. सध्यां बसून घेतों; मागच्या बाकांवरील मंडळींस त्यांत कांहीं विशेष गैरसोय वाटत असल्याचें दिसत नाहीं.