दहा किलो तेलाचा ताळेबंद

द्रव्य अक्षय्य आहे हा लाव्हाझिएचा सिद्धान्त साबण करणाऱ्या माणसाला कोणी पटवून द्यावा लागत नाही. कढईत जे पडते ते सारे साच्यात उतरते, आणि जे उतरत नाही ते वाफेने गेलेले पाणी असते, हे तो पहिल्याच महिन्यात तराजूवर पाहतो. शुद्ध स्टिअरिनच्या ८९१ भागांना १२० भाग कॉस्टिक सोडा लागतो, त्यातून ९१९ भाग साबण आणि ९२ भाग ग्लिसरीन निघते, दोन्हीकडची बेरीज १०११ येते. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या मालगुजारांच्या दप्तरांतले जमाखर्च इतके चोख जुळत असतील असे मला वाटत नाही. पण स्टिअरिन बाटलीत मिळते, आणि मी काम करतो निंबोळीच्या तेलावर, जे कोणत्याही दोन डब्यांत सारखे नसते.

पुस्तकात या तेलाचा साबणीकरण अंक, म्हणजे ग्रॅमभर तेलाला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते तो आकडा, १७५ ते २०५ असा दिलेला असतो. ज्याने तो छापला त्याने आपले कर्तव्य बजावले; परंतु १७५ धरला तर दहा किलोंच्या घाण्याला सुमारे १२५० ग्रॅम कॉस्टिक पुरते, २०५ धरला तर १४६० लागते, आणि मधल्या दोनशे दहा ग्रॅमांत एका टोकाला अंग भाजणारी वडी आणि दुसऱ्या टोकाला तेलकट राहून खवट होणारी वडी असते. पाच टक्के कॉस्टिक हातचे राखण्याचा शिरस्ता सर्वांना ठाऊक आहे, पण कशाचे पाच टक्के, हे तो शिरस्ता सांगत नाही.

त्यातून तेल ओल्या निंबोळीचे निघाले म्हणजे गणित बरोबर येऊनही साबण बिघडतो. निंबोळी गळते ती पावसाच्या तोंडावर. ती न वाळवता पोत्यांत भरली की आत उबते, स्निग्धांश फुटतो आणि तेलात आम्ल मोकळे होते. हे मोकळे आम्ल सोडा पडताक्षणी गिळते. कढई पाहता पाहता घट्ट होते, ढवळण्याचा दांडा आत उभा राहतो, आणि नवशिक्याला वाटते की काम फत्ते झाले. वस्तुतः त्या घट्टपणाच्या आत उरलेले तेल एकीकडे आणि उरलेले कॉस्टिक दुसरीकडे असे वेगवेगळे अडकून पडलेले असतात. दुसऱ्या दिवशी वडी तारेने कापली तर गाभ्यात पांढरे कण दिसतात, आणि त्यांपैकी एखाद्याला बोट लावले तर ते चुरचुरते. तोलात मासाभर चूक नाही, तरी साबण टाकाऊ! थंड तेल, विरळ सोडा, चांगले तेल आधी आणि आंबट तेल मागाहून, असे सर्व उपाय मी योजले. प्रत्येक उपाय एका डब्याला लागू पडला आणि पुढच्या डब्याने त्याला खोटे पाडले.

म्हणून मी पुस्तक सोडून जिभेवर विसंबलो. वडीची कड जिभेच्या टोकाला लावायची, आणि चुणचुण किती येते यावरून कॉस्टिक फाजील की अपुरे ते सांगायचे, हे जुन्या कारागिरांचे तंत्र. मला ते साधले होते आणि त्याचा मला गर्वही होता. हिंगणघाट-पुलगावकडचे लोक पाहायला आले म्हणजे मी डोळे मिटून, जरा अधिकच वेळ घेऊन, वडी चाखत असे. तो वेळ साबणासाठी नसून पाहणाऱ्यांसाठी होता. वयपरत्वे ती जीभ आता बोथट झाली आहे. त्याच सुमारास बी.एस्सी. झालेली एक मुलगी माझ्याकडे शिकायला येऊ लागली. तिने चार दिवस पाहिले आणि म्हणाली, "काकाजी, जिभेचा आकडा वहीत लिहू तरी कसा?" मला राग आला, आणि राग येण्याचे कारण असे की उत्तर नव्हते.

ती ब्युरेट घेऊन आली. प्रत्येक डब्यातले दोन ग्रॅम तेल मद्यार्कातल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळायचे, उरलेले पोटॅश आम्लाने मोजायचे, फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग गेला की थांबायचे. आणि आलेल्या अंकाला ४० ने गुणून ५६.१ ने भागले की सोड्याचे वजन हाती येते. मोकळे आम्ल ती निराळे मोजते, आणि ते जास्त भरले तर त्या डब्याचे तेल कढईत जाऊच देत नाही. तिने कॉस्टिकचीही झडती घेतली. पावसाळ्यात उघडे राहिलेले कॉस्टिक हवेतला कर्बवायू ओढून धुण्याचा सोडा होते. ८० भागांचे १०६ भाग होतात, म्हणजे वजन वाढते आणि ताकद घटते. इतकी वर्षे मी तराजूला प्रामाणिक समजत आलो, आणि तो प्रामाणिकच होता. तो हवेचेही वजन करीत होता, एवढेच.

या संदर्भात मला प्रूस्त आणि बर्थोले या रसायनशास्त्रज्ञांच्या वादाची नेहमी आठवण होते. प्रत्येक संयुगाचे प्रमाण ठरलेले असते, असे प्रूस्तचे म्हणणे. ते परिस्थितीप्रमाणे सरकते, असे बर्थोलेचे. नेपोलियनच्या स्वारीबरोबर १७९८ साली इजिप्तला गेलेल्या बर्थोलेने तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांच्यापासून आपोआप सोडा तयार होताना पाहिला, प्रयोगशाळेतल्या क्रियेच्या नेमका उलट, आणि केवळ राशीच्या विपुलतेने क्रियेची दिशा फिरते हे त्याने ओळखले. वाद प्रूस्तने जिंकला, कारण संयुग आणि मिश्रण यांत भेद करण्याची शिस्त त्याच्यापाशी होती. न्याय म्हणून मी प्रूस्तचा. पण निंबोळीचे तेल हे मिश्रणच असल्यामुळे माझा बहुतेक संसार बर्थोलेच्या मुलखात झाला. सोड्याच्या तळ्यासाठी इजिप्तला जाण्याची गरज वैदर्भीयाला नाही. लोणार आपल्याच बुलढाण्यात आहे, आणि त्या भागात काच व साबण यांचे साहित्य मिळते अशी नोंद आईन-इ-अकबरीत आहे.

वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये निघाला आणि मगनवाडीत त्याने घाणी, हातकागद, साबण असे उद्योग मांडले, तेव्हा त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे व्यवसायाने सनदी हिशेबनीस होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. खाण्याचे तेल साबणात घालू नये, अखाद्य तेल वापरावे, हा विचार हिशेबी माणसाचाच. आज 'कडुनिंब साबण' म्हणून जे हिरवे खपते त्यातल्या बऱ्याच मालात कडुनिंबाचा संबंध रंगापुरताच असतो. आणि 'कॉस्टिकविरहित साबण' अशी जाहिरात करणाऱ्या हौशी मंडळींनी तयार साबण विकत आणून वितळवलेला असतो, ज्यातले कॉस्टिक दुसऱ्या कोणी आधीच खर्ची घातलेले असते. क्षाराशिवाय साबण होत नाही. शहरातली गिऱ्हाइके हे ऐकून घेत नाहीत, आणि मीही आता फारसे सांगत नाही.

मुलीच्या वहीत प्रत्येक डब्याचा अंक आहे, तरी कढई केव्हा बसेल हे तिला अजून डोळ्यांनीच पाहावे लागते, याचे मला थोडे समाधान वाटते, आणि ते समाधान फारसे उदात्त नाही हेही मला कळते. तिचे म्हणणे असे की अंकांतली निम्मी चढउतार कढईपाशी यायच्या आधीच, पोत्यात, घडून गेलेली असते. ते मला मान्य आहे. तेव्हा आर्वी, सेलू, देवळी या बाजूंना ज्यांच्या घाण्या अजून चालत असतील त्यांना विनंती, की निंबोळी धुऊन, सावलीत खडखडीत वाळवूनच घाणीला लावावी, आणि डब्यावर तेल काढल्याची तारीख व बियांचे गाव लिहून द्यावे. असे तेल आम्ही किलोमागे चार पैसे जास्त देऊन घेऊ.