पोरगं बारीक आहे म्हणजे बरं आहे, असं नसतं

मंडळी, आज राजकारण नाही. नगरपंचायतीवर उद्या-परवा लिहितो. आज पोरांच्या पोटाबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मागच्या महिन्यात दुसऱ्याच एका बातमीसाठी तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. मधल्या सुट्टीत गेटसमोरच्या टपरीवर झुंबड उडालेली. पाच रुपयांचे कुरकुरीत पुडे, लाल-पिवळी पेयं, क्रीमची बिस्किटं. मी गुरुजींना सहज म्हणालो, लठ्ठपणाचं काही बघता का नाही? ते हसले. "अहो, हा दुष्काळी तालुका. आमची पोरं वाळकी आहेत. लठ्ठपणा पुण्या-मुंबईत."

गुरुजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळे असंच समजतो. जाड पोरगं म्हणजे खात्यापित्या घरचं आणि बारीक पोरगं म्हणजे काटक. पण याच समजुतीला धक्का देणारं संशोधन आपल्याच महाराष्ट्रात, खेड्यांमध्ये झालंय. जगभरचे डॉक्टर त्याचा दाखला देतात आणि आपल्याकडं त्याची चर्चा नाही, म्हणून हा उद्योग.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम सुरू केलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक जोडीला होते. गावातल्या बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांची नोंद ठेवायची, गरोदरपणात काय खातात, किती राबतात ते लिहायचं, बाळ जन्मलं की मोजायचं आणि पुढं ते बाळ मोठं होईपर्यंत पाठ सोडायची नाही. सुमारे ८०० गरोदरपणांची अशी नोंद झाली. त्यातली बाळं आज तिशीच्या आसपास आहेत.

त्या आयांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत नवल नाही. पण बाळाचा एक एक भाग वेगळा मोजला तेव्हा गंमत दिसली. आपल्या बाळाचं पोट लहान, दंड बारीक, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू कमी. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र इंग्लंडच्या बाळापेक्षा फारशी कमी नाही. बाळ वजनाला हलकं, पण त्या वजनात चरबीचा वाटा मोठा. २००३ साली हे छापून आलं. त्याला नाव पडलं 'थिन-फॅट' बाळ. दिसायला बारीक, आतून चरबीचं.

म्हणजे आईला अपुरं मिळालं की पोटातलं बाळ काटकसर करतं. स्नायूंवर खर्च कमी, चरबी राखून ठेवायची. दुष्काळी भागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको, आपण घर असंच चालवतो. अडचण पुढं येते. असं काटकसरीवर घडलेलं शरीर साखर आणि तेलाच्या सुकाळात वाढायला लागलं की त्याला ते पेलत नाही. चाळिशीच्या आत मधुमेह झालेली माणसं तुमच्या भावकीत किती आहेत, मोजा. त्यातली जाड किती, तेही मोजा.

याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. दोघं शेजारी उभे, सारखेच सडपातळ. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. मशीनवर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आरोग्यावरचं भाषण करायचं झालं तर मी एवढा एकच फोटो दाखवून खाली बसेन.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची जवळपास ३६ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. त्याच वयाची ४.१ टक्के मुलं जादा वजनाची. आधीच्या फेरीत हा आकडा १.९ होता. चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर. ४ टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हे सगळं वजन-उंचीचं माप आहे, त्या फोटोतले याज्ञिक त्यात सुटतात. २०१६ ते १८ मध्ये केंद्रानं मुलांचं रक्त तपासून पोषण सर्वेक्षण केलं. त्यात शाळेच्या वयाच्या दर दहा मुलांमागं एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघालं. जाड दिसणारी मुलं त्याच्या निम्म्यानं. बाकीची आपली वाळकीच.

आता घरात येऊ. त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. आईनं किती भाकरी खाल्ली, किती प्रथिनं पोटात गेली, यावर बाळाचं वजन ठरत नव्हतं. फरक पडत होता पालेभाजी, फळं आणि दुधानं. आणि ज्या बायका शेतात जास्त राबत होत्या, पाणी वाहत होत्या, त्यांची बाळं लहान होती. टँकरमागं हंडा घेऊन धावलेल्या आपल्या माण-खटावच्या बायकांना हे कुणी सांगायची गरज नाही.

मग रक्त तपासलं. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी. पालेभाजीतून मिळणारं फोलेट कमी असलेली बाई मात्र सगळ्यांत एकच निघाली. बी-१२ धान्यात नाही, भाजीत नाही. ते दुधात, अंड्यात, मटण-मासळीत. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिन नीट काम करत नव्हतं. म्हणजे मधुमेहाची पहिली पायरी. पहिलीतल्या पोराच्या अंगात.

यावर 'जुनं ते सोनं' म्हणणारे लगेच येतील. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, मटकीची उसळ. मलाही आवडतं, थंडीत माडग्यावर मी कितीही लांब जाईन. पण त्या सहा गावांतल्या बायका पुडे फोडून खात नव्हत्या हो. भाकरी-कालवणच खात होत्या. आपली परातच मुळात अर्धी होती आणि त्यातही बाई शेवटी जेवायची. तळाला राहिलेलं कालवण तिचं. पुडा हा त्या जुन्या अर्धवटपणावर नंतर येऊन बसला.

दुधाचं तर सांगूच नये. आपल्या तालुक्यात गोठे कमी नाहीत. पहाटे किटली डेअरीला जाते, तिथं फॅट बघतात, एसएनएफ बघतात, पॉइंट कमी लागला तर आपण भांडतो. घरात चहापुरतं राहतं. पोरगं तोच गोड चहा आणि बिस्किट खाऊन शाळेला जातं. दुधाच्या पगारावर वर्षाचं घर चालतं, त्यामुळं 'दूध विकू नका' असं पेपरात लिहिणं सोपं आहे. मी तसं लिहिणार नाही. पण घरातल्या गरोदर सुनेला आणि पोरांना पेलाभर ठेवून उरलेलं डेअरीला, एवढं चुलीपाशी बोलता येईल का? ते सासूनं बोलायला हवं, हेही मला कळतं.

आयांना दोष देऊन पुडा सुटणार नाही. पुडा पाच रुपयांना, अंडं सातला. पुडा उकडायचा नाही, सोलायचा नाही. सहाला रानात गेलेल्या बाईनं पोराच्या हातावर पाच रुपये ठेवले तर तिला बोलायचा अधिकार मला तरी नाही.

सरकारचं बोलू. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. बी-१२ पोराच्या पोटात जायचा सरकारी रस्ता तोच होता. यावर आपल्याकडं एक आंदोलन झाल्याचं मला आठवत नाही. अंड्यावरून वाद घालणारे तेवढे दोन्ही बाजूंनी पुष्कळ भेटले.

दुसरं, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. तंबाखूच्या १०० यार्डांची पाटी तुम्ही शाळेच्या भिंतीवर बघितली असेल. या ५० मीटरची पाटी मी अजून बघितलेली नाही. टपरीवाला आपलाच माणूस आहे, त्याचंही पोट आहे, त्यामुळं कारवाईच्या आधी त्याच्याशी बोललं पाहिजे. शेंगदाण्याची चिक्की, उकडलेलं अंडं, पेरू हेही विकता येतं. पुड्यात सुटतं तेवढं त्यात सुटत नाही, ही त्याची अडचण आहे आणि ती खरी आहे.

आणि खेळ. आपल्या तालुक्यातल्या औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून ते परदेशात पोचवलं. आज आपल्याकडं पोरं दोनच प्रकारची दिसतात. एक भरतीसाठी पहाटे रस्त्यानं धावणारी आणि दुसरी क्लासमध्ये बसलेली. पीटीचा तास कागदावर आहे.

एक साधं माप सांगतो, घरी करून बघा. सहा वर्षांपुढच्या पोराच्या उंचीएवढी सुतळी घ्या, ती मधोमध दुमडा आणि पोराच्या पोटाभोवती धरा. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर पोरगं कितीही बारीक दिसो, एकदा डॉक्टरांना दाखवा. पोराला कुणासमोर चिडवू मात्र नका, 'ढोल्या' म्हणून कुणाचं पोट कमी झालेलं नाही. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर गरोदर बाईच्या तपासणीत बी-१२ चं डॉक्टरांना विचारा.

शहरातल्या शाळांभोवतीच्या ५० मीटरची पाहणी कधी झाली, किती वेळा झाली, याचा माहिती अधिकाराचा अर्ज संबंधित कार्यालयात सोमवारी दिलाय. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथंच टाकतो. तोवर तुमच्या गावातल्या शाळेत अंडं अजून मिळतं का, आणि मिळत असेल तर कुणाच्या पैशातून, एवढं खाली कळवा.