नाव घेऊन मागणं

आमच्या निमोण्याहून न्हावऱ्याच्या बाजूने दक्षिणेकडे निघालं आणि भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. पुढं केडगाव. आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला केडगाव म्हटलं की मुक्ती मिशन आठवतं आणि पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता, परित्यक्ता आणि विधवांसाठी त्यांनी उभं केलेलं काम, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं आपण ऐकत आलो आहोत. मला मात्र अलीकडे त्यांच्या एका वेगळ्याच कामाचा विचार सोडत नाही. त्यांनी ठिकठिकाणच्या अनोळखी माणसांची नावं मागवून घेतली आणि ती आपल्या मुलींमध्ये वाटून दिली. रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, नाव घेऊन.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी एकत्र यायला सांगितलं, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढं आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्याआधी वेल्समध्ये मंडळ्या जाग्या झाल्याची बातमी आली होती. मग वेल्श मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या खासी डोंगरातल्या मंडळ्यांमध्येही तेच घडलं. वेल्श, खासी आणि मराठी या तिन्ही भाषांना एकमेकींचा गंध नाही. तरी वेल्समधल्या खाणकामगारांच्या प्रार्थनेची बातमी ऐकून केडगावच्या माळावर दुष्काळातून वाचलेली पोर गुडघे टेकते, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या पोरी तरी कुठं एका भाषेच्या होत्या? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आलेल्या हिंदी बोलणाऱ्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या गुजराती बोलणाऱ्या आणि आपल्याकडच्या मराठी. पुढं रमाबाईंनीच लिहून ठेवलं की, मुक्तीतल्या प्रार्थना करणाऱ्या मुली रोज एकोणतीस हजारांहून अधिक माणसांसाठी नावानिशी मागतात.

एकोणतीस हजार. या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. कारण रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थना आल्या की आपण काय म्हणतो? ‘जगातल्या सर्व मंडळ्यांना आशीर्वाद दे.’ एका श्वासात अख्खं जग. वाक्य खोटं नाही, पण त्यात मागणाऱ्याचं काहीच खर्च होत नाही. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांचं काय दुखतंय हे ठाऊक नसतं आणि विचारायची गरजही पडत नाही. नाव घेतलं की विचारावं लागतं. कोण आजारी आहे, कुणाचं काम सुटलंय, कुठल्या गावात पाळक नाही. विचारलं की पुढच्या रविवारी पुन्हा विचारावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की, मंडळीने मंडळीसाठी प्रार्थना करायची तर ती अशीच, चौकशी करून करावी.

पौलाने कलस्सै इथल्या मंडळीचं तोंड पाहिलं नव्हतं. एपफ्रासने येऊन सांगितलं ते त्याने ऐकलं आणि ऐकल्या दिवसापासून त्यांच्यासाठी प्रार्थना करणं सोडलं नाही. शिवाय पत्राच्या शेवटी त्यांना काम लावलं: हे पत्र शेजारच्या लावदिकीयाच्या मंडळीत वाचून दाखवा आणि त्यांचं तुम्ही वाचा. म्हणजे या मंडळ्यांचं एकमेकींशी जे नातं होतं त्यात कागद होता, निरोप होता, चालून जाणारी माणसं होती.

आपल्याकडे अशा नात्याची वाट तयार आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे आपली सी.एन.आय., झाली. बंगाली, हिंदी, ओडिया, गुजराती, मराठी, मुंडारी, अशा कितीतरी भाषांत तिची उपासना चालते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया ती उपासना लिहून देतात आणि आपली महिला मंडळं ती मराठीतून चालवतात. त्या दिवशी एखाद्या दूरच्या देशातल्या बायकांच्या पाण्याची, पोरांची, लढाईची काळजी आमच्या मावश्या इतक्या बारकाईने वाहतात की ऐकत राहावं. पुरुषांनी हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि कधी कधी नाव घेणं जड जातं. मे २०२३ मध्ये कुकी आणि मैतेई समाजांच्या संघर्षात मणिपूर पेटलं. तिथं कुकी ख्रिस्ती लोकांची देवळं जळाली, तशी मैतेई ख्रिस्ती लोकांचीही जळाली. ‘मणिपूरसाठी’ म्हणून डोळे मिटणं सोपं होतं. दोन्ही नावं शेजारी शेजारी घेतली तेव्हा प्रार्थना अडखळली. एकाच प्रभूच्या मेजावर बसणारे दोन समाजांतले लोक एकमेकांना भिऊन गाव सोडत होते. कुणासाठी काय मागायचं? त्या अडखळण्याला मी आता भीत नाही. तिथं उत्तर आमच्याकडे नव्हतं, म्हणून तर मागत होतो.

जवळचं सांगायचं तर रांजणगावची एम.आय.डी.सी. आम्हाला काही लांब नाही. कारखान्यांत देशभरची पोरं आहेत, त्यांत ख्रिस्तीही आहेत. भाड्याच्या खोलीत, शिफ्ट सुटल्यावर, आपापल्या भाषेत ती प्रार्थनेला बसतात. त्यांतल्या एका ओडिया मेळ्याशी आमची ओळख झाली. मोडक्या हिंदीत बोलणं. आम्ही त्यांना विचारलं, तुमच्यासाठी काय मागू? मला वाटलं होतं, नोकरी टिकावी असं काहीतरी म्हणतील. त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांची नावं दिली. आई एकटी आहे, बापाला दिसत नाही, गावातल्या देवळात आता वाचून दाखवायला कुणी उरलं नाही.

मग त्यांनी उलट विचारलं. आम्ही गप्प. आपण दुसऱ्यांसाठी मागणारे, दुसऱ्याने आपल्यासाठी काय मागावं याचा विचारच केलेला नव्हता. मंडळीतल्या एका मावशींनी शेवटी सांगितलं, ‘बाळा, आमची पोरं पुण्याला, मुंबईला गेली. सणाला येतात. रविवारी आम्ही म्हातारीच असतो. त्या पोरांसाठी माग.’ हिंदी मावशींना येत नाही. कुणीतरी समजावून सांगितलं. आमच्या देवळात तरुण नाहीत आणि त्यांच्या खोलीत म्हातारं माणूस नाही, हे तेव्हा पहिल्यांदा दोन्हीकडच्यांच्या लक्षात आलं.

आता रविवारी आमच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत ओडिशातल्या म्हाताऱ्यांची नावं असतात. उच्चार चुकतात, ते आम्ही फोन करून विचारून घेतो. त्यांच्या वहीत आमच्या पोरांची नावं ओडिया लिपीत लिहिलेली आहेत. मावशींनी परवा आणखी दोन नावं कळवायला सांगितली. एक नातू नाशिकला लागलाय आणि एका सुनेचे दिवस भरत आलेत.