शेवटचा डाव

माणसाला निदान एक तरी व्यसन असावे, असे सांगणारे लोक मला जन्मभर भेटत आले आणि मी जन्मभर त्यांची कीव करीत आलो. मला तपकीर नाही, विडी नाही, चहासुद्धा दिवसातून दोनदाच. 36 वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. पण त्यांतल्या एकीचाही मोह पडला नाही. अशा माझ्यासारख्या सज्जनाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका ठिपक्याने नादी लावावे, याला काय म्हणावे?

झाले ते असे. 2015 सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आमचा नातू पुण्याहून डोंबिवलीला आला. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो माझ्या संगणकासमोर बसला आणि म्हणाला, "आजोबा, अगार खेळता का?"

मला वाटले, एस.टी.चे आगार असावे. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या, असा काही खेळ असेल. पण पडद्यावर दिसले ते चौकटी-चौकटींचे पांढरे मैदान. त्यावर रंगीबेरंगी कण विखुरलेले आणि मधोमध एक वाटोळा ठिपका. "हे तुम्ही," नातू म्हणाला.

'अगार-आय-ओ' हे त्या खेळाचे नाव. मातेउस वालादारेस नावाच्या ब्राझीलमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकांपुढे ठेवला होता. अगार म्हणजे प्रयोगशाळेत बशीत ओतून जंतू वाढवतात तो पदार्थ. आणि आपल्या बायका दुधात शिजवून ज्याच्या वड्या पाडतात, ते चायना ग्रासही तेच! प्रयोगशाळेला हा पदार्थ दिलासुद्धा एका गृहिणीने. 1881 च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली वाल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करीत होते. त्यांची जिलेटिनची बशी उन्हाळ्यात पातळ होई. तेव्हा त्यांच्या पत्नी फॅनी यांनी सुचवले, की मी मुरंब्यात वापरते ते अगार घालून पाहा. जावा बेटात राहून आलेल्या ओळखीच्या मंडळींकडून त्यांना ते ठाऊक झाले होते. अगार एकदा थिजले, की उन्हाळ्याच्या उकाड्यात काही विरघळत नाही. ही हकीकत मी सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे शेवटी बायकोचंच ऐकावं लागलं ना?"

खेळ इतका सोपा, की सांगायला लाज वाटावी. माऊस नेऊ तिकडे ठिपका जातो. कण खाल्ले की फुगतो. आपल्याहून लहान दिसेल त्याला गिळायचे, मोठा दिसेल त्यापासून पळायचे. मात्र ते इतर ठिपके म्हणजे यंत्राची बाहुली नव्हेत. प्रत्येकामागे जगाच्या पाठीवर कुठेतरी एक माणूस बसलेला असतो. कोणी देशाचे नाव धारण केले तर त्याच्या अंगावर त्या देशाचे निशाण उमटते. डोंबिवलीत बसून मी एका संध्याकाळी जपान गिळला, आणि पाठोपाठ मला फ्रान्सने गिळले. दुसऱ्या महायुद्धातही इतक्या झपाट्याने नकाशा बदलला नसेल!

पण या पोरखेळात व्यवहाराचे शहाणपणही भरपूर आहे. ठिपका जितका मोठा, तितका त्याचा वेग कमी. शिवाय मोठ्याचे वजन बसल्याजागी आपोआप झिजत राहते. म्हणजे श्रीमंताला खाणे थांबवून चालत नाही. मधूनमधून हिरवे काटेरी गोळे असतात. लहानग्याला त्यांच्या आड लपता येते. मोठा त्यांवर आदळला, की त्याच्या ठिकऱ्या उडतात आणि भोवतालची चिल्लीपिल्ली मेजवानी उरकतात. लांबची कळ दाबली, की आपले दोन तुकडे होऊन पुढचा तुकडा भक्ष्यावर झेपावतो. पण अर्धे झालेल्या आपल्यावर तिसराच कोणी टपून असतो. आणखी एक कळ दाबून स्वतःच्या अंगाचा लहानसा घास दुसऱ्यापुढे टाकता येतो. भाषा कळत नसली तरी त्याचा अर्थ कळतो : मी मित्र आहे. एकदा एका अनोळख्याने मला असे पाच-सहा घास भरवले. मी भारावून त्याच्या जवळ गेलो आणि त्याने मला खाल्ले.

मेल्यानंतर दुःख करायला सवडच मिळत नाही, हीच या खेळाची खरी मोहिनी. पुन्हा बटण दाबले, की क्षणात नवा जन्म. ना प्रवेश फी, ना नाव नोंदणी, ना पापपुण्याचा हिशेब. कोपऱ्यात पहिल्या दहा जणांची यादी असते. नातू पुण्याला परतला, तरी त्या यादीत एकदा तरी आपले नाव लागावे म्हणून मी रात्री साडेअकरापर्यंत बसू लागलो. "अहो, पानं वाढली," अशी हाक आली, की माझे उत्तर ठरलेले : "दोनच मिनिटं!"

ऑगस्टमधल्या एका रविवारी सौभाग्यवती म्हणाली, "माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. दुकान साडेनवाला बंद होतं." मी म्हटले, "दोनच मिनिटं." त्या रात्री मी यादीत चौथा होतो. माझ्या आयुष्यात मी कशातच चौथा आलो नव्हतो. मान वर केली तेव्हा पावणेदहा वाजले होते. ती एवढेच म्हणाली, "राहू द्या. उद्या आणू."

सकाळी चहा गाळता गाळता तिला घेरी आली. ओट्याला धरून ती खाली बसली. डॉक्टरांनी पट्टा आवळला. वरचा आकडा 180. दोन दिवसांत ती बरी झाली. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दोन दिवसांत मला अण्णा आठवले. गिरगावातल्या आमच्या चाळीत माझे वडील रोज कचेरीतून आले, की गॅलरीत मेंढीकोट खेळायला बसत. आई ताट झाकून वाट पाही. हाक मारली की उत्तर येई, "हा शेवटचा डाव!" शेवटच्या डावानंतर निदान चार डाव तरी होत. 1970 साली, मॅट्रिकच्या अभ्यासाच्या दिवसांत, मी संतापून त्यांच्या जोडातली इस्पिकची मेंढी, म्हणजे दश्शी, पळवली आणि कंपासपेटीत लपवली. मेंढीशिवाय मेंढीकोट कसला? मला वाटले, खेळ मोडला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो अण्णांनी खोक्याचा पुठ्ठा कापून, शाईने इस्पिकचे दहा ठिपके काढून, नवी मेंढी तयार केलेली! तिची पाठ तपकिरी. ती कोणाच्या हातात आहे हे चौघांनाही दिसे. तरी ते पूर्वीच्याच रंगात महिनोन् महिने खेळले. पत्ता कोणी नेला, हे त्यांनी कधीच विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही. त्यांना बेजबाबदार ठरवून मी वीस वर्षे त्यांच्याशी कामापुरते बोललो. 1991 मध्ये ते गेले.

ती मेंढी अजून माझ्या ट्रंकेत आहे. मी ती काढून सौभाग्यवतीच्या हातात ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. तिने पत्ता उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "सासूबाई मला सांगायच्या, पुठ्ठा मीच कापून दिला म्हणून."

मी बघतच राहिलो. झाकल्या ताटापाशी बसणाऱ्या आईची बाजू घेऊन मी वीस वर्षे लढलो होतो, आणि ती माझ्या बाजूला कधी नव्हतीच! "मग तुला माझा राग नाही आला?" मी हळूच विचारले.

"आला की. पुठ्ठा कापायच्या गोष्टी वेगळ्या, गोळ्यांच्या वेगळ्या."

आता गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या घरात असतात आणि त्या आणण्याचे काम माझे आहे. खेळ सुटलेला नाही. खोटे कशाला बोलू? जेवणे झाल्यावर अर्धा तास बसतो आणि घड्याळाचा गजर लावून ते तिच्या हातात देतो. नाव विचारले, की आता मी 'मेंढी' असे लिहितो. नावाप्रमाणे होते. जो येतो तो मला खाऊन जातो. गजर वाजतो, आणि माझ्या तोंडून शब्द निघून जातात, "हा शेवटचा डाव!"

तेव्हा ती उठते आणि दिवा मालवते.