निमित्ताची पावलं

आपल्याकडे बाई उगीचच चालायला निघाली, असं सहसा होत नाही. हातात पिशवी हवी, नाहीतर पूजेचं तबक हवं. दळण टाकायचं असतं, मुलाला शिकवणीहून आणायचं असतं. रिकाम्या हातांनी निघालेल्या बाईला शेजारीण हमखास विचारते, "काय गं, कुठं निघालीस?" पुरुषमंडळी 'पाय मोकळे करायला' जातात; आपले पाय मात्र निमित्ताशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. असं एक निमित्त चक्क दुकानात विकत मिळतं, हे मला टोकियोत कळलं.

२०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही धाकट्या दिरांकडे गेलो होतो. ते राहतात निशि-कासाईला. टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा प्रभागातली ही वस्ती. २००० सालच्या सुमाराला संगणकांच्या कामासाठी भारतातून बरीच मंडळी इथं आली आणि स्थिरावली, कारण इथून तोझाई मार्गाची भुयारी गाडी थेट कचेऱ्यांच्या भागात नेऊन सोडते. आता इथं तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो. २०१९ साली तर प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी माणूस निवडून आले.

पण तूरडाळ मिळाली म्हणजे परकेपण संपत नाही. माझी जाऊ तिथं गेली तेव्हा मुलगा बाबागाडीत होता. भावजी सकाळी जायचे ते रात्रीच यायचे. भाषा येत नाही, दुकानातल्या पाट्या वाचता येत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात ती आठ-आठ दिवस इमारतीखाली उतरली नव्हती, हे मला तिथं गेल्यावर कळलं. फोनवर मात्र कायम, "मजेत आहे हो ताई!"

तिला घराबाहेर काढलं ते एका खेळाच्या पट्ट्यानं. भावजींच्या कचेरीतल्या कुणीतरी देश सोडताना तो दिला होता. मुलांचा लाडका पिकाचू तुम्हाला ठाऊक असेलच. त्या पोकेमॉनचा फोनवरचा खेळ २०१६ साली निघाला आणि त्याच वर्षी हा मनगटी पट्टाही. खेळातले प्राणी आपण चालू तसतसे भेटतात. प्राणी जवळ आला की पट्टा थरथरतो, हिरवा दिवा लुकलुकतो; बटण दाबलं की बहुधा तो आपला होतो. खेळात अंडीही मिळतात, पण दोन, पाच, दहा किलोमीटर चालल्याशिवाय ती उबत नाहीत. गाडीत बसून भरधाव गेलं तर ते अंतर धरत नाही. म्हणजे लबाडी चालत नाही!

जाऊ बाबागाडी ढकलत या बागेतून त्या बागेत जाऊ लागली. एके दिवशी बाकावरच्या एका जपानी आजींच्या मनगटावर तिला तसाच पट्टा दिसला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती; मनगटं दाखवून दोघी हसल्या. पुढं त्याच आजींनी तिला पुड्यावरचं नाव वाचून मीठ कुठलं, साखर कुठली ते ओळखायला शिकवलं. आता ती अख्ख्या वस्तीतल्या गल्ल्या आपल्या माहेरच्या आळीसारख्या ओळखते.

मला हे सगळं नवलाचं वाटलं, पण पावलं मोजायचं वेड जपानला जुनंच आहे. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झालं. त्यानंतर १९६५ मध्ये यामासा कंपनीनं कमरेला लावायचं एक यंत्र काढलं. नाव 'मान्पो-केई'. मान् म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मापक. रोज दहा हजार पावलं चालावं, असं आपण डॉक्टरी आज्ञेसारखं एकमेकींना सांगतो ना, तो आकडा जगभर पसरला तो या नावापासून! २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७५०० च्या पुढं फारसा फरक उरला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून मन खट्टू करायचं कारण नाही.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्मही १९६५ चाच. त्यांचं बालपण गेलं ते माचिदा गाव आम्ही मुद्दाम पाहून आलो. शिंजुकूहून ओदाक्यू मार्गाच्या गाडीनं जायचं. एके काळी तिथं शेतं होती, तळी होती. लहानपणी ताजिरींना किडे गोळा करायचा भारी नाद. (काड्यापेटीत सोनकिडा ठेवलेल्या मैत्रिणींना हा नाद नव्यानं सांगायला नको.) पुढं शहर वाढलं, तळी बुजली, किडे दिसेनासे झाले. हिंडावं, शोधावं, गोळा करावं हा आनंद शहरातल्या मुलांनाही मिळावा, या इच्छेतून १९९६ साली पहिला पोकेमॉन खेळ आला.

माचिदातलं सेरिगाया उद्यान दरीसारख्या खोलगट जागेत आहे. दाट झाडी, खाली वाहतं पाणी. वाटेवर जमिनीत बसवलेली सहा रंगीत झाकणं आहेत, गटारावर असतात तशी. प्रत्येकावर वेगळं पोकेमॉनचित्र. अशी झाकणं जपानभर निरनिराळ्या गावांत बसवली आहेत आणि एकासारखं दुसरं नाही. ती शोधत माणसं आडगावीही जातात. पुतण्या एकेका झाकणाकडं धावत होता आणि मागून आम्ही दोघी जावा. किती चाललो ते कळलंसुद्धा नाही. संसाराचं, सासरचं, न बोललेलं कितीतरी त्या वाटेवर बोलून झालं. त्या पहिल्या हिवाळ्याचंही.

परतण्याआधी अकिहाबाराला गेलो. युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून वाढलेली ही पेठ. रेल्वेपुलाखाली आजही टीचभर दुकानांत तारा, दिवे, बटणं मांडलेली असतात, आपल्याकडं काचेच्या बांगड्या मांडतात तशी. मनगटी पट्ट्याची जागा २०२३ पासून नव्या यंत्रानं घेतली आहे. ते अनारशाएवढं, चपटं, गोल. पर्समध्ये किंवा खिशात ठेवायचं. साडेसहा हजार येनच्या आसपास पडलं, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेतीन हजार रुपये.

कुणी तुमच्यासाठी आणणार असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. जपानात घरची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. त्यामुळं तिथला कुठलाही चार्जर इथं लावण्यापूर्वी त्यावर १०० ते २४० लिहिलंय का ते बघा. या यंत्राला मात्र नव्या फोनची सी प्रकारची तारच चालते. जोडणी फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून करायला जाऊ नका. ब्लूटूथ चालू ठेवून खेळाच्या सेटिंगमधून करा. फोन मुलांच्या हाती द्यायचा तर त्यांचं खातं पालक म्हणून तुम्हीच उघडा. रस्ता ओलांडताना फोन पर्समध्येच हवा. यंत्र थरथरतं ते त्याचसाठी. आणि हे नाडी किंवा रक्तदाब सांगणारं यंत्र नव्हे, हेही लक्षात असू द्या.

मी ते आणलं सासूबाईंसाठी. त्यांना मधुमेह आहे. "रोज चाला," असं डॉक्टर सांगून थकले, "मला काय रिकामटेकडी समजलात?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खेळ भारतात २०१६ च्या डिसेंबरात आला आणि २०२३ पासून हिंदीतही आहे, त्यामुळं शब्दांची अडचण पडली नाही. आमच्या गावातली देवळं, जुनी वेस, पुतळे हीच खेळातली ठिकाणं निघाली. प्राण्यांची नावं काही त्यांच्या तोंडी बसत नाहीत. निळ्याला निळोबा, झोपाळूला कुंभकर्ण! पण अंडं उबायला अर्धा किलोमीटर राहिला, एवढं म्हटलं की चपला पायात जातात.

साखरेचं गणित डॉक्टर पाहतील. संध्याकाळी त्यांच्याबरोबर आता शेजारच्या दोघी निघतात, यंत्राबिंत्राशिवाय. कुणी विचारलंच, "कुठं निघालात?" तर सासूबाई ठसक्यात सांगतात, "अंडं उबवायला!" विचारणारीला काही उमगत नाही, आणि या तिघी हसत हसत वेशीपर्यंत पोचलेल्या असतात.